चोराचा च

"पुन्हा म्हणा आजी. च्याकण."

"आजी कोणाला म्हणता हो? चोपन्नचीये मी. तोंडात दात नाहीत म्हणून कुणी आजी होत नसतं."

"बरं, घुगेबाई. पुन्हा म्हणा. च्याकण."

"थाकण," बोळक्या तोंडानं मी म्हटलं.

तिनं लाल पेननं कागदावर काहीतरी खरडलं. मग जुन्नर झालं, चोपडा झालं, पाचोरा झालं. प्रत्येक शब्द आधी ती म्हणून दाखवायची, मागून मी म्हणायचे, आणि तिचं पेन चालायचं. मला ओनामा शिकवत होती जणू! आणि शिकवणारी कोण, तर माझ्या थोरल्या लेकीपेक्षा लहान पोरगी.

तिचं नाव डॉक्टर मृण्मयी करंदीकर. जिल्ह्याच्या गावी दातांचं कॉलेज आहे, तिथं ती मोठ्या डिग्रीचा अभ्यास करत होती. आडनाव अस्सल मराठी, पण जन्म भोपाळचा, वाढ भोपाळची, आणि मराठी पुस्तकातनं शिकलेली. तिचं ते 'च्याकण' ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. आपल्यात च लिहायचा एकच, पण बोलायचे दोन. चिमणीचा च निराळा आणि चोराचा च निराळा. चोराचा च म्हणताना जिभेचं टोक दातांच्या मागं टेकतं आणि तिथनं वारा चिरत बाहेर पडतो. चाकण, चोपडा, पाचोरा, सगळे चोराच्या च चे. ज चंही तेच, जिलबीचा वेगळा आणि जुन्नरचा वेगळा. हे कुणी शाळेत शिकवत नाही, आईच्या शिव्या खातखात येतं. हिला कुणी मराठीत शिव्या दिलेल्या दिसत नव्हत्या. मी मनात म्हटलं, आपल्याला काय करायचंय, हिच्याकडनं दात घ्यायचेत, भाषा थोडीच घ्यायचीये!

तिथंच चुकलं माझं गणित.

आता मी तिथं कशाला गेले होते, ते सांगते. मी एसटी स्टँडवरची बाई. आमचे हे ड्रायव्हर होते. ते गेल्यावर त्यांच्या जागी मला नोकरी लागली, चौकशीच्या खिडकीत. एकदा पुकारणारा माणूस आला नाही म्हणून माइक माझ्या हातात दिला, तो माझ्याच हातात राहिला. तालुक्याचं स्टँड ते, पण दोन हमरस्ते तिथं एकमेकांना छेदतात, त्यामुळं गाड्या चारी दिशांच्या. बाजारात वांगी घेताना मी नुसतं "कशी दिली?" म्हटलं तरी भाजीवाली मान वर करून म्हणायची, "अगं बया, स्टँडवाल्या बाई का!" चेहऱ्यानं मला कुणी ओळखत नव्हतं. सगळा तालुका मला आवाजानं ओळखायचा. नवरा गेल्यावर बाईला लोक नावानं हाक मारायचं विसरतात. मला त्या माइकनं नाव दिलं होतं. तो गेला असता तर मी जिवंतपणी मेले असते, हे अगदी खरं सांगते.

आणि तो जायच्याच वाटेवर होता. मिश्रीची सवय लहानपणापासनं. हिरड्या पार सडल्या, दात हलायला लागले, डॉक्टरनं एकेक करून सगळे काढले. तशीच बोळक्या तोंडानं मी माइकवर बसले. दात नसल्यावर चोराचा च येईल कुठनं? मी म्हटलं 'पाचोरा', भोंग्यातनं निघालं 'पाथोरा'. लोकांनी ऐकलं 'पाथर्डी'. पाथर्डीला सोयरिकीला निघालेलं एक अख्खं बिऱ्हाड पाचोऱ्याच्या गाडीत चढलं आणि अर्ध्या वाटेत कंडक्टरशी भांडून उतरलं. दुसऱ्या दिवशी ते सगळे स्टँडवर हजर, नवरदेवासकट!

आमचे स्थानकप्रमुख बोऱ्हाडेसाहेब. त्यांना हेच पाहिजे होतं. त्यांनी माइकचं बटण माझ्यासमोर बंद केलं आणि म्हणाले, "घुगेबाई, आता तुम्ही पार्सलच्या खोलीत बसा."

"का म्हणून? कवळी बसवते ना मी."

"बसवा की. पण नुसती बसवून चालणार नाही, उच्चार स्पष्ट आहेत असा डॉक्टरचा दाखला आणा. नाही आणला तर मशीन येतंय. एकदा आवाज भरला की त्याला दात नको, रजा नको, मिश्री नको."

खिडकीतले दोघं फिदीफिदी हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवसापासनं मशीन हा शब्द मला सवतीसारखा झाला.

कॉलेजात कवळी फुकट मिळते असं कळलं म्हणून गेले, तर तिथं ही मृण्मयी. फुकट होती, पण अट होती. तिच्या अभ्यासात भाग घ्यायचा. तिनं मला दोन कवळ्या दाखवल्या, दोन्ही गुलाबी, दोन्ही हुबेहूब.

"यातली एक नेहमीच्या पद्धतीची," ती म्हणाली. "पावडर आणि पातळ औषध एकत्र कालवतात, कणकेसारखं मऊ झालं की साच्यात दाबतात आणि गरम पाण्यात शिजवतात. शिजताना ते थोडं आकसतं. दुसरी मशीनची. कंपनीतून घट्ट गुलाबी चकती तयारच येते, कॉम्प्युटरवर तुमच्या तोंडाचं माप घालायचं आणि मशीन त्या चकतीतून कवळी कोरून काढतं. दात मग बसवायचे. यातली चांगली कुठली, ते मला बघायचंय."

"मशीनची मला नको. हाताची द्या."

"तसं नाही चालत. दोन्ही आळीपाळीनं वापरायच्या. कुठली कशाची ते तुम्हालाही सांगणार नाही आणि मलाही माहीत नाही. लॅबनं नुसतं क आणि ख लिहून दिलंय."

"आणि शेवटी?"

"जी चांगली ठरेल ती तुमची. दुसरी आम्ही प्रेसखाली तोडणार. किती दाबाला तुटते ते मोजायचं असतं."

"तोंडातली वस्तू मोडणार? अवलक्षणी काम आहे हो तुमचं."

ती हसली नाही. तिला माझी भाषा आवडायची नाही आणि मला तिची. पण नडलेल्याला पर्याय नसतो. मी अंगठ्याऐवजी सही केली एवढंच.

आधी क दिली. पहिल्या दिवशी तोंडात दगड कोंबल्यासारखं वाटलं, पण मग अशी बसली म्हणता! टाळ्याला घट्ट, कुठं टोचणं नाही, हलणं नाही. भाकरी खाल्ली, शेंगदाणे खाल्ले. भिंतीकडं तोंड करून गाड्या पुकारल्या. "चाकण, जुन्नर, पाचोरा." चोराचा च लख्ख! मी रडले त्या दिवशी, खोटं कशाला बोलू. माझी खात्रीच पटली की ही हाताची. कुणीतरी माणसानं जीव लावून कणीक मळलीये, माझा टाळू जपलाय, म्हणून असं बसतंय. मशीनला काय कळतंय टाळू!

मग क काढून घेतली आणि ख दिली. तिला एक उग्र औषधी वास होता. पहिले काही दिवस हिरड्या चुरचुरल्या. टाळूवर ती जाड लागायची, मागनं जरा उचलायची, आणि जिभेच्या टोकाला तिनं जागाच ठेवली नव्हती. चोराचा च म्हणायला गेलं की जीभ अडखळून मागं सरकायची आणि निघायचा चिमणीचा. चाकणचं च्याकण! मी शेजारणीला सांगितलं, "बघ, ही मशीनची. तेलाचा वास मारतोय मेला. बोऱ्हाड्याचं मशीनपण असंच बोलणार."

शेवटच्या दिवशी मृण्मयीनं मला खुर्चीत बसवलं. आधी ख घालून सगळे शब्द म्हणून घेतले, मग क घालून. क तोंडात आल्यावर मला घरी आल्यासारखं झालं. मी अगदी माइकवर म्हणते तसे शब्द म्हटले. ती लिहीत राहिली. मग तिनं पेनला टोपण लावलं आणि म्हणाली, "झालं. ख तुमची. क काढून द्या आता."

"काय?"

"ख चांगली ठरली. फिटिंगमध्ये दोन्हीत उन्नीसबीस आहे, पण उच्चारात क नापास आहे. क घातली की तुमचा च बिघडतो. त्स त्स असा आवाज येतो, जीभ दातांत अडकल्यासारखा. ज चा पण द्झ होतो. मी प्रत्येक वेळी नोंदलंय. ख मध्ये एकदम स्वच्छ च येतो."

क्षणभर मला दातखीळ बसली. मग ती सुटली!

"अहो डॉक्टर, तो बिघाड नाही! ती मराठी आहे!"

"मराठी मलाही येते, घुगेबाई."

"येते म्हणे! उचलली जीभ लावली टाळ्याला. चाकणला च्याकण म्हणणारी तुम्ही, आणि माझी जीभ नापास करता? म्हणा बघू, चोर."

"च्योर."

"ऐका! च्योर म्हणे! तुमच्याकडं च्योऱ्या होत असतील, आमच्याकडं चोऱ्याच होतात."

ती लाल झाली. "हे बघा, तुमच्या गावात काय बोलतात त्यावर अभ्यास चालत नाही. शब्दात च लिहिलाय, च यायला हवा. आणि तुम्हाला दाखला हवाय ना? क ठेवून घेतलीत तर मला दाखल्यावर उच्चार सदोष असंच लिहावं लागेल. ख घ्या, मी स्पष्ट लिहून देते."

अशी कोंडी करून ठेवली होती तिनं. ख घ्यावी तर कागद मिळणार, पण माइकवर बसून मी आयुष्यभर च्याकण, च्याकण करत बसणार, आणि बोऱ्हाडे पहिल्याच दिवशी हसणार. क घ्यावी तर आवाज माझा, पण कागदावर मी तोतरी. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, म्हणतात ते हेच.

"काढा," तिनं हात पुढं केला. त्या हातावर रबरी मोजा होता.

मी तोंड मिटलं.

"घुगेबाई, ती कॉलेजची वस्तू आहे. तिला टेस्टला पाठवायचीये."

मी मान हलवली. नाही.

"तोंड उघडा."

ओठ घट्ट मिटून मी तिच्याकडं बघत राहिले. तिनं माझ्या हनुवटीला हात लावला. मी तो झटकला, जोरात. ट्रेमधला आरसा खाली पडला आणि खळ्ळकन फुटला. शेजारच्या खुर्चीतला पेशंट तोंडात नळी तशीच ठेवून बघायला लागला.

"तुम्ही माझ्यावर हात उचलला!"

"आणि तुम्ही माझ्या तोंडात घातला. कोणाचं तोंड आहे हे? तुम्हाला मोडायला हवीये ना, मग मला पण घाला त्या प्रेसखाली, कवळीसकट! बघा किती दाबाला मोडते घुगेबाई!"

"मी सरांना बोलावते."

"बोलवा. सरांच्या बापाला बोलवा."

ती तावातावानं गेली. मी खुर्चीतनं उठले. मला ठाऊक होतं, सर येणार, तेही शिकलेले, दोघं मिळून इंग्रजीत बोलणार आणि माझं कोण ऐकणार? भांडून तिच्या कानात चोराचा च घुसणार नव्हता. आंधळ्याला रंग कसा सांगायचा?

बाहेर मोठा हॉल होता, पेशंट बसायचा. खेड्यापाड्यातली माणसं, गाल सुजलेली, फडकी बांधलेली, पिशव्या मांडीवर घेतलेली. केसपेपरच्या खिडकीत एक कारकून नंबर पुकारत होता. त्याच्यासमोर माइक होता.

माइक!

मी त्याच्या खिडकीच्या बाजूच्या दारानं आत शिरले, त्याला म्हटलं, "सरका जरा." तो माणूस घाबरून सरकला. माझा अवतारच तसा होता. मी माइक तोंडाशी ओढला आणि माझ्या वीस वर्षांच्या सवयीनं, एक श्वास घेऊन, सुरू झाले.

"लक्ष द्या. प्रवाशांनी इकडं लक्ष द्या. चाकण, जुन्नरकडं जाणारी गाडी फलाट क्रमांक पाचवर लागलेली आहे. चाकण, जुन्नर. फलाट पाच."

हॉल गप्प झाला. आणि मागच्या बाकावर डुलकी घेत बसलेला, गालाला फडकं बांधलेला एक म्हातारा दचकून उठला, पिशवी काखेत मारली आणि दाराकडं निघाला.

"अहो बाबा, कुठं?" त्याच्या सुनेनं धोतर ओढलं.

"जुन्नरची लागली ना! पाच नंबरला!"

सगळा हॉल हसला. म्हाताऱ्याला आपण कुठं आहोत ते कळलं आणि तो पण बोळकं दाखवून हसला. मी वळून बघितलं. दारात मृण्मयी उभी होती आणि तिच्याशेजारी विभागाचे मोठे डॉक्टर, विधातेसर. सर आमच्याच मुलखातले, केस पांढरे, चेहरा कडक.

"हा काय तमाशा आहे?" ते म्हणाले.

"तमाशा नाही साहेब. परीक्षा आहे. यांनी माझी घेतली, आता मी त्यांच्या कवळीची घेते. द्या ती ख इकडं."

मृण्मयीच्या हातात ख तशीच होती. ती देईना. सर म्हणाले, "द्या, डॉक्टर."

मी पदराआड तोंड करून कवळी बदलली. क मुठीत घट्ट धरली, ती काही मी कुणाच्या हातात द्यायला तयार नव्हते. मग माइकवर तेच सगळं पुन्हा म्हटलं. भोंग्यातनं आलं, "च्याकण, ज्युन्नरकडं ज्याणारी गाडी…"

पुढच्या बाकावरच्या दोन पोरी तोंडावर हात ठेवून खुसखुसल्या. कुणीतरी म्हणालं, "ही कोण आता मॅडम आली?" म्हातारा ढिम्म हलला नाही.

मी माइक ठेवला. "बघा साहेब. पहिली ऐकून माणूस गाडी पकडायला उठला. दुसरी ऐकून लोक हसले. आणि या बाईंनी पहिली नापास केलीये, दुसरी पास."

सरांनी मृण्मयीच्या हातातला कागद घेतला, वाचला. वाचता वाचता त्यांच्या कपाळाची आठी सरळ झाली आणि मग पुन्हा पडली.

"डॉक्टर, यादीत चाकण, जुन्नर हे शब्द कुणी घातले?"

"मी, सर. च आणि ज तपासायला."

"म्हणून दाखवा."

"च्याकण. ज्युन्नर."

सरांनी नुसतं 'चाकण' म्हटलं, चोराच्या च नं. तिला कळलं. एकदम कळलं, ते मी तिच्या तोंडावर बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती रडली नाही. ताठ राहिली आणि म्हणाली, "सर, आमच्या घरी सगळे असंच बोलतात. माझे आजोबा पण."

त्या वेळी मला तिची कीव आली का? नाही आली. कशाला येईल? मी मुठीतली कवळी उघडून बघितली, शाबूत आहे ना.

"इतर पेशंटांचं पण असंच तपासलंय?" सरांनी विचारलं.

"हो सर. सगळ्यांचं."

सरांनी एक मोठा उसासा सोडला. मग लॅबच्या दाराकडं तोंड करून ओरडले, "अरे, घुगेबाईंची क कशाची आहे? आता लपवून उपयोग नाही, सांगून टाका."

आतनं आवाज आला, "मशीनची, सर! ख शिजवलेली!"

माझ्या हातात साप निघावा तसं झालं मला. मशीनची! जिच्यापायी मी आनंदानं रडले, जिला म्हटलं माणसाच्या हाताची माया आहे, ती मशीननं कोरलेली. आणि जिला मेली म्हणून शिव्या घातल्या, तेलाचा वास म्हटला, ती बिचाऱ्या माणसांनी मळून शिजवलेली. वास तेलाचा नव्हता, औषधाचा होता.

मृण्मयीनं पण डोळे मिटून घेतले. तिला अभ्यासात मशीनचीच जिंकवायची होती हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. आणि तिच्याच कानांनी मशीनच्या कवळीला हरवलं होतं.

"म्हणजे आपण दोघीही बैलच," मी म्हटलं. मला हसू आलं. तिला आलं नाही.

"मी बैल नाही," ती म्हणाली. "आणि तुमच्याशी मला बोलायचं नाही."

"नका बोलू. दाखला लिहा."

तिनं तिथंच खिडकीच्या फळीवर कागद ठेवून लिहिला, पेन असं दाबून की कागद फाटतो की काय. सही केली आणि माझ्याकडं न बघता सरकवला. मी बाहेर येऊन वाचला. 'रुग्णाचे उच्चार स्पष्ट आहेत. दोष ऐकणाऱ्यात होता.' एवढंच. दुसरी ओळ लिहायला तिला कुणी सांगितली नव्हती.

मी तो कागद बोऱ्हाडेसाहेबांच्या टेबलावर आपटला. त्यांनी दोनदा वाचला. "ऐकणाऱ्यात म्हणजे कुणात?"

"म्हणजे ज्याला घ्यायचं त्यानं घ्यावं," मी म्हटलं आणि माइकचं बटण दाबलं. तोंडात मशीन आणि हातात माइक. बोऱ्हाड्यांचं मशीन काही माझी नोकरी असेपर्यंत आलं नाही.

हे एवढ्यावरच संपलं असतं. पण पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस मी खिडकीत बसले असताना काचेपलीकडं ओळखीचा चेहरा दिसला. पाठीवर पिशवी, घामानं चिकटलेले केस. मृण्मयी. रांगेतनं पुढं आली आणि खिडकीत वाकली. तिनं मला बघितलं आणि तिचा चेहरा कडू झाला. माझाही झाला असणार.

"तुम्ही अजून आहात इथं," ती म्हणाली.

"तुमच्या कृपेनं नाही."

"तुमच्यामुळं माझं अख्खं वर्ष गेलं. सगळ्या पेशंटांना परत बोलवावं लागलं. सरांनी सगळे शब्द दुसऱ्याकडनं ऐकायला लावले. माझ्या बरोबरची सगळी पास होऊन गेली, मी अजून तिथंच आहे."

"माझ्यामुळं? तुमच्या कानामुळं."

"आणि तुमची ती शिजवलेली कवळी तोडली आम्ही," ती म्हणाली. हे ती मला लागावं म्हणूनच म्हणाली. "लगेच तुटली. दोन तुकडे."

लागलं मला. का लागावं? पण लागलं. कुणीतरी मळली होती ती, आणि मी तिला शिव्या दिल्या होत्या.

मागं रांग खोळंबली होती. एक माणूस ओरडला, "अहो बाई, लवकर आटपा की!"

"कुठं जायचंय?" मी विचारलं.

तिनं ओठ ओले केले. मग जीभ दातांमागं टेकवून, लहान मूल पहिल्यांदा पायरी उतरतं तशी जपून, म्हणाली, "चाकण."

चोराचा च! थोडा जास्तच चिरलेला, पण चोराचाच.

माझ्या तोंडात शब्द आला होता, शाब्बास. मी तो बाहेर येऊ दिला नाही. तिनं तरी कधी मला चांगलं म्हटलं होतं? "कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"पेशंटांनी. वर्षभर रोज तेच ऐकतेय."

"फलाट पाच."

"पाच्य," ती म्हणाली आणि तिचं तिलाच कळलं. कान लाल झाले. ती वळून निघून गेली, आभार नाहीत, काही नाहीत.

चाकणची गाडी सुटायला अजून बराच वेळ होता. मी नुकतंच पुकारलंही होतं. तरी मी माइक जवळ ओढला, बटण दाबलं आणि एकेक शब्द सुटा करून, पहिलीच्या पोरांना सांगावं तसं पुकारलं.

"चाकण. चाकणला जाणारी गाडी. फलाट क्रमांक पाच. पाच."

बोऱ्हाडेसाहेब आतनं ओरडले, "अहो, किती वेळा तेच!"

मी पुन्हा पुकारलं. काचेतनं पाच नंबरचा फलाट दिसत होता. ती खांबाला टेकून उभी होती, माझ्याकडं पाठ करून, रागानं. पण मान जराशी वळलेली होती, आणि मी 'पाच' म्हटलं की तिचे ओठ हलत होते.